पूर्वी हप्ता मिळायचा

‘हप्ता’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. हफ्त म्हणजे सात. सात दिवस काम करायचे आणि सातव्या दिवशी मालकाकडून मजुरी घ्यायची, तो हप्ता. माझ्या लहानपणी झेंडीगेटच्या गल्लीत ‘आज हप्ता झाला का?’ असे कोणी विचारले, तर त्याचा अर्थ ‘पगार मिळाला का?’ असा असायचा. हप्ता झाला की त्या रात्री घरोघरी गोश्त शिजायचे, किराणा दुकानाच्या वहीतली उधारी थोडी खाली यायची आणि मुलांच्या हातावर चार आणे पडायचे.

आज त्याच गल्लीत ‘हप्ता झाला का?’ असे विचारले, तर समोरच्याचा चेहरा उतरतो. कारण हप्ता आता मिळत नाही, तो भरावा लागतो. गाडीचा, मोबाइलचा, गटाचा, फ्रिजचा. शब्द तोच राहिला, पैशाची दिशा तेवढी उलटली.

मी शिवणकाम करणारा माणूस. कापड बाजाराजवळ माझे छोटेसे दुकान आहे. माप घेताना माणूस बोलतो आणि शिलाईचे पैसे देताना त्याहून जास्त बोलतो. त्यामुळे नगरच्या (आता कागदोपत्री अहिल्यानगरच्या) घराघरांतला खर्च माझ्या दुकानात आपोआप कळतो. लोक उधळे झाले आहेत, मोबाइलने बिघडले आहेत, असे भाषण मी अनेकदा ऐकले आहे. मला ते अर्धेच खरे वाटते. उधळपट्टी आहेच, त्यावर पुढे बोलू. पण जी घरे उधळी नाहीत, तीही अडकली आहेत. का, ते एका घराच्या हिशेबावरून पाहू.

आमच्या ओळखीचा एक तरुण पेंटर आहे. घरे रंगवतो. दिवसाला ७०० रुपये मिळतात. त्याच्यावर तीन हप्ते आहेत. मोटारसायकलचा ३,१२० रुपये, मोबाइलचा १,३०० रुपये आणि बायकोच्या नावावर घेतलेल्या गटाच्या कर्जाचा २,३४० रुपये. एकूण ६,७६० रुपये महिना. यातली एकही गोष्ट चैनीची नाही. आज सावेडीला, उद्या केडगावला, परवा भिंगारला काम असते, म्हणून गाडी लागते. ठेकेदार कामाचा पत्ता आणि भिंतींचे फोटो मोबाइलवर पाठवतो, म्हणून मोबाइल लागतो. गटाचे कर्ज छताचे पत्रे बदलायला काढले. गळक्या छताखाली मुले झोपवणे ही काही बचत नव्हे.

आता चांगला महिना धरा. २६ दिवस काम मिळाले तर १८,२०० रुपये येतात. हप्ते जाऊन ११,४४० उरतात. त्यात ३,५०० खोलीचे भाडे. ओढाताण होते, पण घर चालते. मग जुलै येतो. पाऊस लागतो, बाहेरच्या भिंतींचे काम थांबते. महिन्याला १५ दिवस काम मिळाले तरी नशीब. हातात येतात १०,५००. हप्ते मात्र तेच, ६,७६०. उरले ३,७४०. भाडे दिले की राहतात २४० रुपये. बायको फॉल-पिको करते, त्यावर कसाबसा किराणा निघतो. दूध, गॅस, औषध, लाइट बिल कशातून भरायचे?

म्हणून जुलैत तो चौथे कर्ज काढतो. ते कशासाठी असते? पहिल्या तीन कर्जांचे हप्ते भरण्यासाठी. माणूस बुडतो तो इथे. पहिले कर्ज गरजेपोटी घेतलेले असते आणि चौथे फक्त तारखेपोटी.

माझे म्हणणे एवढेच आहे. आपल्यापैकी बहुतेकांची कमाई रोजाची आहे आणि खर्च मात्र महिन्याच्या तारखेचा झाला आहे. गवंडी, फळगाडीवाला, गॅरेजवाला, गादीवाला, रिक्षावाला, शिंपी, यांच्या कमाईला ऊन, पाऊस आणि बाजार लागतो. हप्त्याला यातले काहीच लागत नाही. पाच तारीख ही पाच तारीखच.

नगर जिल्ह्याला हे दुखणे नवीन नाही. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. इतिहासात त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात मे महिन्यात त्याची सुरुवात झाली आणि लोण पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडे पसरले. लोकांनी माणसे मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर भर दिला. सावकाराच्या घरातली कर्जखते, हुकूमनामे बाहेर काढायचे आणि पेटवायचे. का? अमेरिकेतल्या यादवी युद्धात इथल्या कापसाला चढलेला भाव युद्ध संपल्यावर कोसळला होता. शेतसारा मात्र वाढला होता, आणि तो ठरलेल्या तारखेला रोख भरावा लागे. पीक आले की नाही, विकले गेले की नाही, हे सरकारची तारीख विचारत नसे. शेतकरी सारा भरायला सावकाराकडे जाई आणि तिथेच अडके. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा इंग्रज सरकारला करावा लागला.

दीडशे वर्षांपूर्वीचा तो शेतकरी आणि आजचा आमचा पेंटर यांत मला फार फरक दिसत नाही. दोघांनाही बुडवले ते तारखेने. फरक असलाच तर एवढा की आज काही नियम आपल्या बाजूने आहेत, पण आपल्याला ते माहीत नसतात.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जांसाठी, म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘गटाचे कर्ज’ म्हणतो त्यासाठी, नियम काढले आणि १ एप्रिल २०२२ पासून ते लागू झाले. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे, त्याला काही तारण न घेता दिलेले हे कर्ज. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून जास्त होता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी चालत नाही. कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड लावता येत नाही. व्याज किती, इतर आकार किती, हे सगळे लिहिलेला साधा तक्ता कर्जदाराला द्यावा लागतो, आणि कागद त्याला समजेल अशा भाषेत असावा लागतो. खासगी सावकाराचे म्हणाल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

आता ५० टक्क्यांचा नियम आमच्या पेंटरला लावून पाहा. केवळ त्याची मजुरी धरली, तर चांगल्या महिन्यात हप्ते ३७ टक्के होतात. सगळे नियमात बसते. जुलैत तेच हप्ते ६४ टक्के होतात. कर्ज देणारा माणूस तुमच्या घरी बहुधा चांगल्या महिन्यात येतो. तुम्ही हिशेब मात्र वाईट महिन्याचा करा. कर्ज घ्यायचे की नाही, हे जुलैच्या कमाईवर ठरवा, मार्चच्या नव्हे.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. हे गटाचे कर्ज बहुतेक बाईच्या नावावर असते. गाडी नवऱ्याची, धंदा दिराचा, पत्रे सगळ्यांच्या डोक्यावरचे, पण सही तिची. बैठकीत ती बसते, हप्ता थकला तर गटातल्या इतर बाया तिच्याच दारात येतात. बायकोचा माल तिचा स्वतःचा, मेहर तिची, माहेरचे दागिने तिचे, हे आपल्या दीनने केव्हाच सांगून ठेवले आहे. जुम्म्याच्या बयानात ते ऐकताना आपण मान डोलावतो आणि सोमवारी तिच्या बांगड्या गहाण ठेवायला नेतो. ‘लाडकी बहीण’चे १५०० रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले, तेव्हा अनेक घरांत बाईच्या स्वतःच्या खात्यात प्रथमच दरमहा काही येऊ लागले. माझ्या दुकानात येणाऱ्या एका बहिणीला मी विचारले, ‘आपा, या पैशाचे काय करता?’ त्या म्हणाल्या, ‘भाईजान, सकाळी येतात आणि दुपारी गटात जातात. माझ्या हाताला त्यांचा वास पण लागत नाही.’ कर्जात घराची हिस्सेदारी हवी, तर सहीतही हवी. निदान कर्ज काढताना तिला ‘नको’ म्हणायचा हक्क हवा.

आता आपल्या वर्षाकडे पाहू. आपल्या सणांचा महिना चंद्राचा आणि शाळेचा, भाड्याचा, हप्त्याचा महिना इंग्रजी. चंद्राचे वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. २०२५ मध्ये ईदुल फित्र ३१ मार्चला झाली. आता काही वर्षे ती मार्चमध्ये आणि मग फेब्रुवारीत येत राहील. बकरी ईद २०२५ मध्ये ७ जूनला होती, पुढची काही वर्षे ती मे महिन्यात येईल. म्हणजे कुर्बानीचा खर्च, मग जूनमध्ये वह्या-पुस्तके, गणवेश, कॉलेजची फी, आणि लगेच पावसाळ्याची मंदी. हे तिन्ही एकापाठोपाठ. दोन-चार वर्षे तरी आपल्या घरांचे हेच वेळापत्रक आहे आणि ते आधीपासून माहीत आहे. ईद काही अचानक येत नाही.

पैसा येण्याचेही नगरला आपले मोसम आहेत. उसाचे बिल निघाले, कांद्याची पट्टी हातात आली की खेड्यातला माणूस कापड बाजारात उतरतो. त्याने खरेदी केली तर आमच्या शिंप्याला काम, फळवाल्याला गिऱ्हाईक, रिक्षाला भाडे. कांदा पडला की आम्हीही पडतो. म्हणून शहरातल्या माणसाने ‘माझी काय शेती आहे?’ म्हणू नये. आमच्या कमाईची मुळे नेवासा, राहुरी, पारनेरच्या रानातच आहेत.

मग करायचे काय? व्याज टाळा, हे सांगणे सोपे आहे. पण ज्याच्या छतातून पाणी गळते, त्याला नुसते सांगून भागत नाही, दुसरी वाट दाखवावी लागते. मला दिसलेल्या काही वाटा लिहितो.

पहिली गोष्ट, प्रत्येक मासिक खर्चाचा रोज काढा. ३० ने भागू नका, २६ ने भागा, कारण कामाचे दिवस तेवढेच. ६,७६० ला २६ ने भागले की २६० येतात. म्हणजे रोज ७०० मिळवणाऱ्याने २६० आधीच खर्च केले आहेत. दुकानदार सांगतो, ‘फक्त १,३०० चा हप्ता.’ तुम्ही मनात म्हणा, ‘रोज पन्नास.’ पन्नास रुपये काय असतात, हे रोजंदारीच्या माणसाला नीट कळते. मोबाइलच्या रिचार्जचेही तसेच. २८ दिवसांचा रिचार्ज मारला तर वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा पैसे जातात. दूरसंचार नियामकाने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दरमहा त्याच तारखेला येणारा एकेक प्लॅन ठेवायला सांगितले आहे. तो मागून घ्या.

दुसरी, साधी भिशी. बाया बारा, महिना हजार, दरमहा एकीला बारा हजार. जेवढे टाकले तेवढेच मिळते, यात व्याज नाही. बोली लावून, कमी रक्कम घेऊन आधी उचलायची भिशी निराळी. तिच्यात व्याजच वेश बदलून येते, तिच्यापासून दूर राहा. गेल्या जूनची गोष्ट सांगतो. त्या पेंटरची मुलगी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. तिला सायन्सला जायचे होते. बाप म्हणाला, ‘चाचा, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू.’ गरिबाच्या घरातले पुढचे वर्ष मुलींच्या बाबतीत क्वचितच उजाडते. तिच्या आईचा भिशीचा नंबर ऑक्टोबरचा होता. जूनचा नंबर ज्या बाईचा होता, तिला नवी शिलाई मशीन घ्यायची होती. तिने भिशीच्या बैठकीत सांगितले, ‘मशीन चार महिने थांबेल, पोरगी थांबणार नाही.’ दोघींनी नंबर बदलले. मुलगी आज बारावीची तयारी करते आहे. या व्यवहारात कोणी कोणावर उपकार केले नाहीत, एक पैसाही जास्त गेला नाही. फक्त तारीख बदलली. जे काम कर्ज देणारी संस्था करत नाही, ते एका शेजारणीने केले.

तिसरी, कर्जे हसना. प्रत्येक मोहल्ल्यात पाच-सहा घरे अशी असतात की ज्यांना पाच-दहा हजार चार महिने अडकले तरी फरक पडत नाही. त्यांनी मिळून छोटी रक्कम बाजूला ठेवावी. ती फक्त पावसाळ्यातल्या हप्त्यासाठी, शाळेच्या फीसाठी आणि दवाखान्यासाठी द्यावी. आणि लिहून द्यावी. भिडेखातर आपण लिहीत नाही, मग नातीही जातात आणि पैसेही. कुरआन शरीफमधली सर्वांत मोठी आयत, सूरह बकरातली २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्या, हे तिच्या दोनच आयती आधी आले आहे. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. सवड आणि लेखी हिशेब हे दोन्ही बरोबरच चालतात.

चौथी, साठवलेले पैसे कुठे ठेवता, ते पाहा. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने आपल्या शहरातल्या शंभर वर्षांहून जुन्या नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा अनेक घरांच्या काळजाचे पाणी झाले. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. ओळखीचा संचालक आहे, एवढ्यावर मुलीच्या लग्नाचे पैसे ठेवू नका.

आणि आता उधळपट्टी. मी वर म्हटले, ती आहेच. तिचे मोठे ठिकाण मोबाइल नव्हे, लग्न आहे. निकाह मशिदीत वीस मिनिटांत होतो. त्याच्या आगेमागे मंगनी, हळद, मेंदी, हॉल, सहा प्रकारचे जेवण, जहेजचे कपाट आणि वलीम्याला पुन्हा तेच. माझ्याकडे एक शेरवानी शिवायला येते, ती एक दिवस घातली जाते आणि तिचे पैसे सहा महिने येत राहतात. धंद्याच्या दृष्टीने मी गप्प बसायला हवे. पण ज्या बापाने लेकीच्या लग्नासाठी व्याजाने पैसे काढले, त्याच्या घरची पुढची ईद मी पाहिली आहे. त्या घरात कोणी नवे कपडे शिवले नाहीत. वलीमा सुन्नत आहे, कर्ज काढून केलेला थाट नाही. श्रीमंतांनी साधेपणा केला तर गरिबाची सुटका होईल, कारण गरीब माणूस लग्नात स्वतःची ऐपत बघत नाही, शेजारच्याचा हॉल बघतो. सुरुवात ज्यांना परवडते त्यांनीच करायला हवी.

आपल्या भुईकोट किल्ल्याच्या पूर्वेला दमडी मशीद आहे. लहानशी, पण दगडातले तिचे कोरीव काम पाहत राहावे असे. १५६७ च्या सुमारास साहिर खान नावाच्या सरदाराने ती बांधली, असे इतिहास सांगतो. लोक मात्र पिढ्यान् पिढ्या सांगत आले की किल्ल्यावर काम करणाऱ्या मजुरांनी रोजच्या मजुरीतली एकेक दमडी काढून ठेवली आणि त्यातून ही मशीद उभी राहिली. लोकांच्या आठवणीत सरदाराचे नाव राहिले नाही, दमडी राहिली. मला यात आपल्या घरखर्चाचे साधे शहाणपण दिसते. त्या मजुरांची कमाई रोजाची होती, म्हणून त्यांनी बाजूला काढलेही रोज. महिनाअखेरीला उरेल ते टाकू, असे म्हणत बसले असते, तर त्या जागेवर आज मोकळे मैदान असते.

तेव्हा वाचकहो, या महिन्यात एवढे करा. एका वहीत घरातले सगळे हप्ते लिहा, बायको आणि मोठी मुले यांना समोर बसवून. बेरजेला २६ ने भागा. येईल तो आकडा रोज संध्याकाळी कमाईतून आधी बाजूला काढा, आणि ज्या दिवशी जास्त मिळेल त्या दिवशी जुलैसाठी दहा-वीस रुपये जास्त टाका. नवा हप्ता घ्यायची वेळ आली, तर ती वही पुन्हा उघडा आणि जुलैचे पान बघून मगच सही करा. सही जिची असेल, तिला आधी विचारून.